झाड, गोटी आणि तळ्यात-मळ्यात

आमची आत्या मोजते. बाकीची माणसं श्वास घेतात तशी ती मोजते. जिना चढताना पायऱ्या मोजते, मटार सोलताना दाणे मोजते, आणि आईशी वाजलं की आई किती वेळा ‘मी काही बोलत नाही’ म्हणाली तेही मोजते.

“चौदा वेळा काही बोलली नाहीस तू,” असं भांडणाच्या शेवटी शांतपणे सांगते. यावर आई काय बोलणार? पंधराव्यांदा काही बोलत नाही.

पण हे सगळं फावल्या वेळातलं. पगारी मोजणी वेगळी. गेली बावीस वर्षं आत्या एका प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर, काळ्या पडद्यामागच्या खोलीत, उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी मोजते. त्या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. हे नाव लिहायचं म्हणून मी लिहिलं, घरात कोणी ते तोंडात घेत नाही. आत्या त्यांना वॉचमन म्हणते, कारण मेंदूत बाहेरचं कोणी घुसलं तर धावून जाणारे तेच.

मेंदूचा कागदासारखा पातळ काप काचेच्या पट्टीवर ठेवतात. रंगवलेला असतो, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली काळ्याभोर अंधारात हे वॉचमन हिरवेगार चमकतात. आत्या उशी घेऊन बसते, डोळे भिंगांना लावते आणि दोन हातांत दोन टकटके धरते. मोठ्या कार्यक्रमाच्या दारावर माणसं मोजायला वापरतात ना, अंगठ्याने दाबलं की टक वाजून आकडा पुढे सरकतो, तसले. डावा झाडांचा, उजवा गोट्यांचा.

वॉचमन शांत असला की त्याला चहूबाजूंनी बारीक फांद्या असतात. त्यांनी तो शेजारीपाजारी चाचपत बसतो, सगळं ठीक आहे ना, सगळं ठीक आहे ना. तो झाड. भडकला की फांद्या आत ओढतो, फुगतो, गोल होतो. ती गोटी. आणि जो धड शांत नाही, धड भडकलेला नाही, फांद्या आखूड आणि पोट सुटलेलं, तो तळ्यात-मळ्यात.

“त्याला तिसरा टकटका का नाही?” मी एकदा विचारलं होतं.

“हात दोनच आहेत म्हणून,” आत्या म्हणाली. “त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायचं आणि ठरवायचं. झाडाकडे जास्त झुकतो की गोटीकडे? झाडं आणि गोट्या कोणीही मोजेल गं. पगार मला तळ्यात-मळ्यातचा मिळतो.”

आता पावशेरबद्दल सांगायला हवं. पावशेर माझी धाकटी बहीण, वय वर्षं सहा. ती सातव्या महिन्यातच आली. वजन नऊशे ग्रॅम. बाबा तिला बघून म्हणाले, “अरे, ही तर पावशेर!” हिशोबाने ती जवळजवळ चार पावशेर भरत होती आणि आत्याने ते तिथल्या तिथे सांगितलंही, पण नाव एकदा पडलं की पडलं.

नऊ आठवडे ती दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती. आत्या सुट्टी काढून पेटीबाहेर स्टुलावर बसायची आणि पावशेरच्या छातीकडे बघत तिचे श्वास मोजायची. नर्सला हसू यायचं. “अहो, मशीन मोजतंय की!”

“मोजू दे त्याला. मीही मोजते. दोघांचं जुळलं म्हणजे झालं.”

पावशेर वाढली, बोलायला लागली, आणि थांबलीच नाही. फक्त उजवा पाय ऐकत नाही. तो ताठतो, टाच टेकत नाही. म्हणून तिला गुडघ्याखालपासून पावलापर्यंत प्लास्टिकचा ब्रेस घालायचा असतो. तो तिला मुळीच आवडत नाही. ‘आज ब्रेसला बरं नाहीये’, ‘आज ब्रेसचा वाढदिवस आहे, त्याला घरीच राहू दे’, अशी रोज नवी कारणं.

एकदा तिने आत्याला सरळ विचारलं, “माझाच पाय असा का?”

आई स्वयंपाकघरात गेली. बाबांना अचानक फोन आला, जो वाजलाच नव्हता. आत्या मात्र मटार सोलत होती, सोलत राहिली.

“तू घाईघाईत आलीस ना, तेव्हा तुझ्या मेंदूत वायरिंग चाललं होतं. तारा टाकून झाल्या होत्या. वरचं प्लास्टिक चढवायचं बाकी होतं.”

“माझ्या ब्रेससारखं प्लास्टिक?”

“तसलंच, पण मऊ. आणि वॉचमन नवा. पहिलीच ड्यूटी. तेवढ्यात कुठून तरी जंतू आले, तुझा श्वासही कमी पडला. झाली गडबड! वॉचमन घाबरला. चोर, चोर करत काठी फिरवत सुटला. चोर गेला पळून. पण काठी लागली प्लास्टिक चढवणाऱ्या कामगारांना. मग काही तारा तशाच राहिल्या. नेमक्या उजव्या पायाकडे जाणाऱ्या.”

पावशेरने लगेच विचारलं, “मग त्याला कामावरून काढला का?”

“काढून कसं चालेल? मेंदूची झाडलोट तोच करतो. कचरा तोच उचलतो.”

“मग ओरडायचं त्याला.”

“ओरडल्यावर आणखी बिथरतो. आमच्या मॅडम त्याला शांत करायचं औषध शोधतायत. औषध दिल्यावर किती शांत झाले आणि किती भडकलेले राहिले, ते मी मोजते.”

“मग मला देणार ते औषध?”

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. “तुला नाही गं. तुझं वायरिंग होऊन गेलं. तुझ्यानंतर जे घाईघाईत येतील ना, त्यांना. मिळालं तर.”

“बरं झालं,” पावशेर म्हणाली. “मला कडू आवडतच नाही.” आणि विषय संपवून चार मटार तोंडात टाकले. आत्याने ते चार वजा केले.

आत्या तिथे लागली ती बाटल्या धुवायला. एकदा मोजणारी मुलगी आजारी पडली आणि मॅडम म्हणाल्या, “तुम्ही बाटल्या मोजता रोज. हे मोजता येईल?” मॅडम तुकड्या-तुकड्यांत बोलतात, चष्मा काढून. चष्मा काढला की समजावं, वाक्य येतंय. त्यांनी परीक्षा म्हणून एकच स्लाइड तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळे नंबर घालून आत्याला दिली. आत्याने तिन्ही वेळा दोनशे बारा सांगितले. तिसऱ्यांदा वर म्हणाली, “मॅडम, ही ओळखीची वाटते.” त्या दिवसापासून बाटल्या दुसऱ्या कोणी धुतल्या.

मोजणीचा एकच नियम, पण कडक. कुठल्या पिल्लाला औषध मिळालं आणि कुठल्याला नुसतंच पाणी, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. स्लाइडवरचं मूळ नाव चिकटपट्टीने झाकायचं, वर नुसता नंबर टाकायचा. कुठला नंबर कोणाचा, ती यादी मॅडमच्या खणात कुलपात. “परीक्षकाला पोराचं नाव दिसलं की दोन मार्क वाढतात,” आत्या म्हणते, “मग परीक्षक कितीही सज्जन असो.”

हे नंबर टाकायचं, काप रंगवायचं काम लांब्याचं. लांब्या म्हणजे मॅडमचा संशोधक विद्यार्थी. दारातून येताना वाकतो आणि दर वाक्यात ‘ॲक्च्युली’ घालतो. पहिल्या दिवशी तो आत्याला ‘काकू’ म्हणाला.

“मी कोणाची काकू? माझं लग्न झालेलं नाही.”

“मग ॲक्च्युली काय म्हणू?”

“मला भाऊ आहे, त्याला दोन पोरी आहेत. काय होते मी?”

लांब्याने बोटांवर नातं जुळवलं. “आत्या?”

“हुशार आहेस. कशाला पीएचडी करतोयस?”

तेव्हापासून ती अख्ख्या मजल्याची आत्या. मॅडमसुद्धा ‘आत्याबाई’ म्हणतात.

लांब्याचं एक तुणतुणं होतं. “ॲक्च्युली आत्या, सॉफ्टवेअर हे सगळं चार मिनिटांत मोजतं.”

“मोजतं रे. धूळही मोजतं. मागच्या वेळी तुझा केस मोजला त्याने, चार पेशी म्हणून.”

“माझाच कशावरून?”

“एवढं लांब इथे दुसरं काय आहे?”

मशीन घ्यायची चर्चा दर वर्षी व्हायची, आणि दर वर्षी मॅडम चष्मा काढून म्हणायच्या, “आत्याबाई. मशीन घेऊ तेव्हा घेऊ. तुमचा डोळा कोणाच्या बाजूचा नाही. तो मशीनला कुठून आणणार?” लोक पदकं शोकेसमध्ये ठेवतात. आत्या हे वाक्य आठवड्यातून एकदा जेवताना काढते, पुसते आणि परत ठेवते.

या वर्षी मॅडमचं औषध शेवटच्या टप्प्यात आलं होतं. शुक्रवारी मोठी परिषद होती, तिथे त्या निकाल सांगणार होत्या. अठ्ठेचाळीस स्लाइडी, चोवीस औषधवाल्या, चोवीस बिनऔषधाच्या. शनिवारी शेवटच्या चार मोजायच्या, सोमवारी मॅडम खण उघडून कुठला नंबर कोणाचा ते बघणार, की शुक्रवारी भाषण. आत्याचं घरी येणंजाणं नुसतं यंत्रवत चाललं होतं. तोंडाने बोलायची नाही, पण पेटीबाहेरच्या त्या स्टुलावर बसून जे मागितलं असेल, ते कुठेतरी तिला त्या चार स्लाइडींच्या पलीकडे दिसत असावं.

आता नेलपॉलिश. काप काचेवर ठेवला की वर एक पातळ काच बसवतात, आणि काप सुकू नये म्हणून कडा नेलपॉलिशने बंद करतात. थट्टा नाही, खरंच. एवढी मोठमोठी यंत्रं, उणे ऐंशी अंशांची फ्रीज, आणि कडेला दुकानातलं साधं, बिनरंगी नेलपॉलिश.

तर दोन महिन्यांपूर्वी आत्याने पावशेरला सांगितलं होतं, महिनाभर कुरकुर न करता ब्रेस घातलास तर पायाच्या नखांना गुलाबी नेलपॉलिश. ब्रेसमधून बोटं बाहेर येतात, ती गुलाबी दिसतील. पावशेरने सौदा मान्य केला. महिना पुरा झाला तशी आत्याने बाटली घेतली आणि ती तिच्या पर्समध्येच राहिली. नेमका त्याच दिवशी दुपारी लांब्या पडद्यातून डोकावला.

“आत्या, पॉलिश संपलंय! ॲक्च्युली अर्ध्या स्लाइडी उघड्या आहेत, सुकतील सगळ्या!”

“ही घे. दोन थेंबच वापर हं, पोरीची आहे.”

दोन थेंबांच्या जागी अर्धी बाटली गेली. ती आत्याच्या पर्समध्ये परत आली खरी, पण अर्धी बाटली बक्षीस म्हणून कशी द्यायची, नवी घेऊन देऊ, म्हणून पावशेरला रोज “उद्या” मिळायला लागलं. पावशेरही मोजते, आमच्याच घरातली आहे. “हा तेविसावा उद्या आहे,” असं ती चपला घालणाऱ्या आत्याला दारात अडवून सांगायची.

शनिवारी आई-बाबा दोघांनाही काम होतं, म्हणून आत्या आम्हा दोघींना घेऊन गेली. अट एकच, कशाला हात लावायचा नाही. आम्ही काळ्या पडद्यामागे भिंतीला टेकून बसलो. खोलीत फ्रीजची घरघर आणि आत्या. आत्या मोजताना बोलते, हे तिला माहीत नाही.

पहिल्या दोन स्लाइडी बिनरंगी कडांच्या होत्या. त्यांना आत्याचा आवाज आमच्या शाळेच्या फाटकावर उशिरा येणाऱ्यांची नावं लिहिणाऱ्या बाईंसारखा होता. “झाड. झाड. गोटी. झाड. तळ्यात... मळ्यात... फांदी आहे का? कुठे आहे? दाखव. नाही ना? गोटी.” टक.

मग गुलाबी कडेच्या दोन आल्या. आत्याने एक उचलली, उजेडात धरली, ठेवली. आणि आवाज एकदम बाळाला भरवतानाचा. “झाड. झाड. अगं बाई, झाडच. तळ्यात... मळ्यात... ही काय, एवढीशी फांदी आहे की! आहे, आहे. झाड हो. झाड.” टक.

पावशेर माझ्या कानात म्हणाली, “ते माझं नेलपॉलिश आहे.” मी म्हटलं, “गप.” मला दोन्ही आवाज पाठ करायचे होते.

रविवारी जेवताना बाबांनी विचारलं, “काय, काल काय शिकून आलात?” मी दोन चमचे घेतले, डोळे वाटीच्या कडेला लावले आणि सुरू केलं. आधी फाटकावरच्या बाई, मग भरवणारी आत्या. बाबांना पाणी पिताना ठसका लागला. आई “पुरे गं, पुरे” म्हणत डोळे पुसत होती. सगळ्यात जास्त हसत होती ती आत्या.

“पुन्हा कर,” ती म्हणाली.

मी पुन्हा केलं. फांदी आहे का, दाखव, नाही ना, गोटी. टक. आणि ही काय, एवढीशी फांदी आहे की, झाड हो, झाड. टक.

या वेळी आत्या अर्ध्यात हसायची थांबली.

“दोन आवाज का काढलेस?”

“तू काढतेस म्हणून.”

“कधी कुठला?”

“साध्या कडेला पहिला, गुलाबी कडेला दुसरा.”

आत्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तिचे अंगठे हलत होते, टकटके नसताना. मला वाटलं पेशी मोजतेय. नंतर कळलं, स्लाइडी मोजत होती. “चोवीस,” ती हळूच म्हणाली. “चोवीस गुलाबी.”

“अगं, हिचं काय मनावर घेतेस?” आई म्हणाली. “ही तर माझाही आवाज काढते. मी काय तशी बोलते?”

यावर पावशेरने मान डोलावली, कारण आई अगदी तशीच बोलते.

“गुलाबी म्हणजे औषधवाले, असं मला कोणी सांगितलं नाही,” आत्या म्हणाली. “पण मी धरून चालले. पोरीची बाटली ना ती. काच हातात घेतली की वाटायचं, ही आपली.”

“ताई, जाऊ दे,” बाबा म्हणाले. “शुक्रवारी मॅडमचं भाषण. आणि तू आत्ता जाऊन सांगणार, माझा डोळा एका बाजूचा आहे? मग मशीनच आणतील ना त्या!”

“आणू देत. मी बाटल्या धुवीन. बाटल्या काही मला नव्या नाहीत.”

“अगं पण चार-दोन गोट्या इकडच्या तिकडे झाल्या तर कोणाचं काय बिघडलं?”

आत्याने पावशेरकडे बोट केलं. “हिचे श्वास मी लाडात मोजले असते तर? आपल्याला बरं वाटावं म्हणून तिसाचे चाळीस सांगितले असते तर?”

बाबांनी भाताकडे बघितलं. पावशेर म्हणाली, “आजचा तिसावा उद्या आहे,” पण त्या दिवशी तिचंही कोणी ऐकलं नाही.

सोमवारी मी शाळेत होते. पण आत्याने सांगितलं, आणि लांब्याने भेटल्यावर तिखटमीठ लावून सांगितलं. आत्याने कमी केलेलं मिळवून आणि लांब्याने वाढवलेलं वजा करून जे उरतं, ते असं.

मॅडम खणाची किल्ली हातात घेऊन बसल्या होत्या. आत्या म्हणाली, “उघडू नका. माझी मोजणी चुकली.” मग बाटली काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. वाक्य आलंच नाही. चष्मा घातला. परत काढला.

“शुक्रवार कधी आहे, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. म्हणून तर सोमवारी आले.”

मग मॅडमनी लांब्याला बोलावलं. लांब्या वाकून आत आला तो वाकलेलाच राहिला, कारण खरी गोची त्याची होती. त्याने आधी बिनऔषधाच्या चोवीस एका दिवशी केल्या आणि औषधवाल्या चोवीस दुसऱ्या दिवशी. का? “ॲक्च्युली... सोयीचं पडलं.” नियम असा की सगळ्या एकत्र मिसळून, एकाच दिवशी, एकाच बाटलीतून. तसं केलं असतं तर गुलाबी कड दोन्हीकडे सारखी आली असती आणि कोणाचे लाड झाले नसते.

“आत्याबाईंचा डोळा चुकला,” मॅडम म्हणाल्या. “तुझं तर डोकंच. आणि माझं. दोन रंगांच्या कडा माझ्याही समोरून गेल्या. दिसल्या नाहीत मला.” मग किल्ली खणात न लावता पर्समध्ये टाकली. “पुन्हा. पहिल्यापासून.”

शुक्रवारी मॅडम परिषदेला गेल्या आणि निकाल सांगायच्या जागी म्हणाल्या की आमची मोजणी चुकली, पुन्हा मोजतोय. कोणीतरी हात वर करून विचारलं, कशाने चुकली? मॅडम म्हणाल्या, “नेलपॉलिश.” म्हणे सभागृह इतकं हसलं की पुढच्या वक्त्याला दोन मिनिटं थांबावं लागलं. मग चहाच्या वेळी तीनचार जण हळूच येऊन विचारून गेले, नेलपॉलिशचं नेमकं काय करायचं असतं. त्यांच्याकडेही दोन बाटल्या होत्या.

त्याच मेंदूंचे जास्तीचे काप थंड पेटीत ठेवलेले होते. ते सगळे मिसळून एकाच दिवशी रंगवले. नेलपॉलिश आणायला मॅडमनी मुद्दाम लांब्याला पाठवलं. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? लांब्या खोटं बोलत नाही. “उंदरांसाठी.” नंबर घालायला खालच्या मजल्यावरचा माणूस आला. आणि या खेपेला सॉफ्टवेअरही मोजणार होतं, उसनं आणलेलं मशीन बाजूच्याच टेबलावर. आत्याने आपली उशी त्याच्या शेजारी मांडली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “मोजू दे त्याला. मीही मोजते.”

तीन आठवडे आत्या तोंडात लिमलेटची गोळी ठेवून मोजत होती, आवाज निघू नये म्हणून. घरी आली की जीभ नारिंगी. आपण कुठल्या स्लाइडीला कसं बघतो, याची तिला इतकी धास्ती बसली होती की एक दिवस तिने मला फोन करून विचारलं, “माझा आत्ताचा आवाज कसला आहे?” मी म्हटलं, “फाटकावरच्या बाईंचा.” “छान,” म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवसांत ती जिन्याच्या पायऱ्या मोजायची नाही. मी मोजल्या, अठ्ठावीस आहेत. ती विचारेल म्हणून थांबले, पण तिने विचारलं नाही.

मग खण उघडला. आधीची लाडाची मोजणी मॅडमनी फेकली नव्हती, दोन्ही शेजारी ठेवल्या. बिनऔषधाच्या पिल्लांत पूर्वी शंभरात एकेचाळीस गोट्या, आता चाळीस. म्हणजे फाटकावरच्या बाई ठीक होत्या. औषधवाल्यांत पूर्वी शंभरात बावीस गोट्या. आता तेहतीस.

“अकरा,” आत्या लगेच म्हणाली. “शंभरात अकरा लाडाच्या.”

मशीनने चाळीस आणि चौतीस सांगितलं होतं, आणि एक केस.

“म्हणजे फरक साताचा,” मॅडम म्हणाल्या. “एकोणिसाचा नाही.”

“सात खरे आहेत?”

“माहीत नाही अजून. आणखी पिल्लं घेऊ. पुन्हा करू. मग सांगेन.” चष्मा निघाला. “मशीन येणार आहे, आत्याबाई. आपलं, कायमचं.”

“हं.”

“झाडं आणि गोट्या ते मोजेल. जिथे तुमचं आणि त्याचं जुळत नाही, त्यातली एक काढली मी. तळ्यात-मळ्यात होती. तुम्ही झाड म्हणालात. मी अर्धा तास बघितली. झाडच होती.” चष्मा परत चढला. “तळ्यात-मळ्यात सगळे तुमच्याकडे. आणि गोळी तोंडात.”

“म्हणजे ॲक्च्युली,” लांब्या म्हणाला, “आत्यांचं काम तेच राहिलं, ज्याचा पगार मिळतो ते.”

“हुशार आहेस,” आत्या म्हणाली. “कर पीएचडी.”

त्या संध्याकाळी आत्या घरी आली ती पर्समधून कोरी गुलाबी बाटली काढतच. पावशेर ब्रेस घालून सोफ्यावर बसली होती, पाय पुढे, बोटं बाहेर, चेहरा कोर्टातल्या जजसारखा. “साठावा,” ती म्हणाली.

“आज ‘आज’ आहे,” आत्या म्हणाली आणि जमिनीवर बसली. डोळ्यांभोवती भिंगांचे दोन गोल अजून उमटलेले होते. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, तिने एकेक नख रंगवलं. ज्या हाताने बावीस वर्षं टकटका दाबला त्याला ब्रश नवा होता, त्यामुळे करंगळीबरोबर शेजारचं बोटही गुलाबी झालं.

“तुझं औषध चाललं का?” पावशेरने विचारलं.

“थोडंसं. बहुतेक. अजून मोजायचंय.”

“थोडंसं म्हणजे किती?”

“सात.”

पावशेरला सात पुरेसे वाटले असावेत, कारण ती स्वतः सहाची आहे. तिने पाय उचलून बोटं हलवून बघितली. “आता मी मोजते. डोळे मिटून मोजते, म्हणजे लबाडी नको.” डोळे घट्ट मिटून तिने बोटाने चाचपत सुरुवात केली, ओलं पॉलिश फासत. “एक, दोन, तीन...” उजव्या पायाच्या ताठ बोटांपाशी वेग कमी झाला, एका बोटावरून ती दोनदा गेली. “...नऊ, दहा, अकरा!”

डोळे उघडून ती विजयाने आमच्याकडे बघायला लागली. बाबा हसले, आई हसली, मी तर तिचा आवाज पाठ करायला घेतलाच होता.

आत्या हसली नाही. तिने चिंधी ओली करून पावशेरची बोटं पुसली, पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, “पुन्हा मोज.”